बुडापेस्ट, रिव्हिजन पंधरा

बुडापेस्टला आयुष्यात कधीही न गेलेल्या माणसाला बुडापेस्टचा पत्ता विचारायचा आणि तो बिनचूक निघायचा, हा अनुभव सौदीतल्या अबकैकमध्ये आमच्यापैकी बऱ्याच जणांनी घेतलेला आहे. मला तर तो न विचारताच रोज मिळायचा, कारण हा माणूस माझ्याच फ्लॅटमध्ये, पलीकडच्या खोलीत राहायचा. सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर काढली. त्यातली पहिली दोन वर्षं मी दर महिन्याला ठरवत होतो की आता खोली बदलायची.

सगळे त्यांना काका म्हणायचे. मूळचे नाशिकचे. मी अबकैकला आलो तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते आणि सौदीत त्यांना अठरा वर्षं झाली होती. काकू नाशिकला, मुलगी लग्न होऊन पुण्याला. काकांचं काम शटडाउन प्लॅनरचं. म्हणजे असं, की तेलाच्या प्लांटचा एखादा भाग काही वर्षांनी पूर्ण बंद करतात, उघडतात, साफ करतात, दुरुस्त करतात आणि ठरलेल्या तासाला पुन्हा चालू करतात. त्या दिवसांत कुठला माणूस कुठल्या तासाला कुठला बोल्ट खोलणार, हे आधी वर्षभर बसून कागदावर मांडतो तो प्लॅनर. काका त्यात एक नंबर होते. अडचण एवढीच, की तो माणूस घरी आल्यावरसुद्धा प्लॅनरच असायचा.

सकाळी पोहे करायचे असले तरी फ्रिजवर कागद लागलेला असायचा. कांदा चिरणे, पाच मिनिटं. पोहे भिजवणे, कांदा चिरण्याशी समांतर. फोडणी. एकदा मी पोहे आधी भिजवले आणि मग कांदा शोधत बसलो, तर तिखट न बोलता ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. बोलले असते तर परवडलं असतं. खाऊन झाल्यावर म्हणाले, "तुझे पोहे वाट बघत बसले होते. कामानं माणसाची वाट बघायची नसते." मी म्हटलं, "काका, शुक्रवार आहे, सुट्टी आहे, जाऊ द्या ना." त्यांनी जाऊ दिलं नाही. त्यांनी कधीच काही जाऊ दिलं नाही.

आणि बुडापेस्ट.

बुडापेस्टची फाइल निळी होती. तीन रात्री, चार दिवस (चौथा नुसता परतीचा), दोन माणसं. वर डाव्या कोपऱ्यात रिव्हिजन नंबर. मी आलो तेव्हा रिव्हिजन नऊ चालू होती. दर वर्षी एक. दर वर्षी काका ही सहल ठरवायचे आणि दर वर्षी त्यांची महिन्याची रजा नाशिकमध्ये संपून जायची. एका वर्षी वडिलांचं आजारपण, एका वर्षी घराचा वरचा मजला, एका वर्षी मुलीचं लग्न. परत आले की निळी फाइल काढायचे, नवा नंबर टाकायचे आणि जुन्या कागदावरून सगळं नव्या कागदावर उतरवून घ्यायचे. बदललेली वेळापत्रकं तेवढी दुरुस्त करायची, बाकी टिकमार्कांसकट जसंच्या तसं. ही उतरवून घ्यायची सवय पुढे नडली, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

बुडापेस्टच का, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं आणि दीड तास ऐकलं होतं. फार वर्षांपूर्वी प्लांटमध्ये एक नवा कॉम्प्रेसर बसवायला तिकडचा एक इंजिनियर आला होता. त्यानं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर आपल्या गावचा फोटो दाखवला. संध्याकाळची वेळ, नदीच्या कडेनं पिवळी ट्राम चालली आहे, आत दिवे लागलेत, आणि खिडकीशी एक म्हातारा-म्हातारी बसलेत. एवढंच.

"नदी तर नाशिकलाही आहे की," मी म्हणालो.

"आहे ना. पण तिथे मला सगळे ओळखतात. घाटावर जरा उभा राहिलो की कोणीतरी येतं, कधी आलात, किती दिवस आहात, कधी जाणार."

ट्राम नंबर दोन. कुठे चढायचं, नदी बघायची तर कुठल्या बाजूला बसायचं, तिकीट यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड होतो. गरम पाण्याच्या स्नानगृहात जाताना स्लिपर स्वतःची न्यायची. टेकडीवरून शहर बघायला सूर्यास्ताच्या चाळीस मिनिटं आधी पोचायचं. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी येईल. मी काही बुडापेस्टला गेलेलो नाही.

पण मला मजा वाटायची ती रात्रीच्या पानाची. तिसरा दिवस, रात्री नऊ ते साडेदहा: पडक्या इमारतीतला बार. बुडापेस्टमध्ये म्हणे जुन्या, पडायला आलेल्या इमारतींत बार काढलेत, मोडक्या खुर्च्या, रंगीत दिवे, तरुण मुलामुलींची ही गर्दी. पुढच्या रकान्यात: पेय, लिंबू सोडा. पर्याय, संत्र्याचा रस.

"काका, तुम्ही दारूला शिवत नाही. मग बारमध्ये कशाला जायचं?"

"बसायला."

"बसायला?"

"दोघांनी एका टेबलाशी बसायला. दीड तास. मध्येच कोणी चहा टाका म्हणून सांगणार नाही, दूधवाला येणार नाही, बहिणीचा फोन येणार नाही." मग चष्मा वर करून म्हणाले, "फोन बंद ठेवायचा. लिहिलंय खाली."

खाली खरंच लिहिलं होतं.

त्याच्यानंतरची ओळ होती: अकरा ते साडेबारा, नाच.

मला वाटलं नाच बघायचा. तर नाही. करायचा. आता डोळ्यांपुढे माणूस आणा. बुटके, पोट थोडं सुटलेलं, शर्टाच्या खिशाला चार पेनं, चालताना डावा पाय जरा फेंगडा. हा माणूस बुडापेस्टच्या नाचाच्या हॉलमध्ये अकरा ते साडेबारा नाचणार होता! मी हसलो. चांगला खो खो हसलो. काकांनी फाइल मिटली आणि आत निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या ओळीमागचं मला काकूंनी सांगितलं. काका रोज संध्याकाळी साडेसातला नाशिकला फोन लावायचे, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवायचे आणि भाजी चिरता चिरता बोलायचे. त्यामुळे काकूंना मी प्रत्यक्ष न भेटताही चांगला ओळखायला लागलो होतो. त्या शाळेत गणित शिकवायच्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. बोलणं सडेतोड. एकदा काका दारात पार्सलवाल्याशी बोलायला गेले तेव्हा मी फोनवरच विचारलं, "काकू, ही नाचाची काय भानगड आहे?"

"लिहिलंय का ते अजून?" त्या म्हणाल्या. "अरे, मुलीच्या लग्नात आदल्या दिवशी संगीत होतं. सगळे नाचत होते. माझे दीर, जावा, व्याही, सगळे. मी तुझ्या काकांचा हात धरला, म्हटलं चला. तर म्हणाले, मला येत नाही, आणि तिकडे जनरेटर बरोबर चालतोय का बघायला गेले. तासभर जनरेटरपाशी उभे होते. मी नाचले हो जावेबरोबर. पण मी रागावले होते, खोटं कशाला बोलू. वर्षातून एक महिना नवरा, आणि तोही जनरेटरपाशी."

काका परत आले. काकूंनी लगेच गवारीचा विषय काढला.

मग मला कळलं की संध्याकाळी शिफ्टवरून आल्यावर स्वयंपाकघराचं दार लावून धप-धप-धप असा जो आवाज येतो तो कसला. मी आजवर समजत होतो व्यायाम करतात. एकदा दार ढकललं. मोबाइल मिक्सरला टेकवून ठेवलेला, त्यावर एका गोऱ्या जोडप्याचा नाच शिकवणारा व्हिडिओ, आणि काका प्लास्टिकची खुर्ची पाठीकडून धरून एक-दोन-तीन, एक-दोन-तीन करत फिरतायत. दोनला हमखास चुकायचे. फेंगडा पाय खुर्चीच्या पायात अडकायचा.

या वेळी मी हसलो नाही. म्हटलं, "काका, दोनला जरा थांबताय तुम्ही."

"थांबतो नाही, तपासतो," ते म्हणाले. "आधी पहिलं पाऊल नीट पडलं का ते."

हा त्यांचा स्वभावच. त्यावरून एक प्रसंग सांगायलाच हवा. मोठा शटडाउन होता, काम दोन दिवस मागे पडलेलं, सगळ्यांच्या झोपेचं खोबरं झालेलं. शेवटी युनिट चालू करायची वेळ आली. आता नियम असा, की चालू करण्याआधी शिल्लक कामांची एक यादी असते. त्यातल्या प्रत्येक कामासमोर दोन सह्या लागतात. एक काम करणाऱ्याची, एक ते बघून बरोबर आहे म्हणणाऱ्याची. दोन्ही झाल्या की ती ओळ बंद. त्या यादीत एक ओळ उघडी होती. एका व्हॉल्व्हच्या चाकाची पिन. काम झालेलं होतं, फिटरची सही होती, पण तपासणारा प्लांटच्या दुसऱ्या टोकाला गेला होता.

आमचा मुदीर, म्हणजे साहेब, एक तरुण सौदी. तो भडकला. "खलास! यल्ला! बास झालं, चला, चालू करा!" पिन दिसत होती, डोळ्यांना दिसत होती, मीच बघितली होती. सगळे काकांकडे बघायला लागले, कारण यादी त्यांच्या हातात होती. काका म्हणाले, "मुदीर, एक सही. एका सहीवर काम बंद होत नाही." मुदीर अरबीत जे काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. काका शांतपणे यादी छातीशी धरून उभे. चाळीस मिनिटं. मला वाटलं आता या माणसाला उद्या विमानात बसवतात. तपासणारा धापा टाकत आला, पिन हलवून बघितली, सही केली. मग काकांनी यादी मुदीरच्या हातात दिली आणि म्हणाले, "यल्ला."

त्याच मुदीरचं पुढल्या वर्षी लग्न झालं आणि बायकोला घेऊन कुठे जावं हे विचारायला तो काकांच्या टेबलाशी येऊन बसला. काकांनी रिव्हिजन अकराची झेरॉक्स दिली, लिंबू सोड्यासकट. तो जाऊन आला आणि येताना ट्राम नंबर दोनचं शिक्का मारलेलं वापरलेलं तिकीट काकांना दिलं. काकांनी ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून निळ्या फाइलला लावलं. आमच्यातला जो कोणी बुडापेस्टला जाई तो काकांच्या कागदांवर जाई आणि एक वापरलेलं तिकीट घेऊन येई. सात-आठ झाली होती. माझ्या डोक्याला ताप व्हायचा ते बघून. लोकांची वापरलेली तिकिटं जमवतात, स्वतः जात नाहीत! मी एकदा चिडून तोंडावर म्हणालोसुद्धा, "काका, तुम्हाला जायचंच नाहीये. तुम्हाला नुसतं ठरवायचंय."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "रिव्हिजन पंधराला जाणार. शेवटच्या वर्षी."

साठाव्या वर्षी कंपनी सोडणार होते, फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत. त्याच्या दोन महिने आधी चार दिवस बुडापेस्ट. काकू मुंबईहून येणार, काका दम्मामहून, दोघं तिथल्या विमानतळावर भेटणार. या वेळी रजा मंजूर, दोघांची तिकिटं आली, हॉटेल ठरलं, काकूंनी मुंबईत व्हिसाचा अर्ज केला आणि त्यांना मिळालासुद्धा. काकांनी नवे बूट आणले. नाचाचे म्हणून गुळगुळीत तळव्याचे.

खोबर शहरात व्हिसाच्या ऑफिसात मीच त्यांना गाडीनं घेऊन गेलो. काकांची फाइल बघून काउंटरवरची मुलगी खूश झाली. प्रत्येक कागदाला खूण, प्रत्येक खुणेवर नंबर. उलटत उलटत ती इकाम्यापाशी थांबली. इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना, त्याच्याशिवाय इथं पान हलत नाही.

"अंकल," ती हिंदीत म्हणाली, "ये तो आपकी वापसी के दो महीने बाद खतम हो रहा है. वापस आने के बाद तीन महीने चाहिए."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या यादीकडे. ओळ सहावी: इकामा, परतीनंतर किमान तीन महिने शिल्लक. समोर टिकमार्क. सगळ्यांना ही ओळ काकांनीच शिकवलेली. मला, आणि इकामा न लागणारा सौदी मुदीर सोडून बाकी सगळ्यांना. ती टिक त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी रिव्हिजन शून्यला केली होती आणि दर वर्षी खाली उतरवून घेतली होती. कंपनी दर वर्षी इकामा वाढवायची, मग बघायचं काय त्यात? या वर्षी कंपनी वाढवणार नव्हती, कारण काका जाणार होते. जायची तारीख त्यांनीच ठरवलेली होती आणि हे त्यांनाच दिसलं नव्हतं.

"देके देखिए," मुलगी म्हणाली. "कभी कभी हो जाता है." बिचारीला वाईट वाटलं असावं.

काकांनी एकेक कागद परत फाइलमध्ये लावला. "नहीं बेटा. नियम बराबर है."

बाहेर येऊन मी भर रस्त्यात ओरडलो. "अर्ज द्या ना! काय जातं? नाही म्हणाले तर म्हणतील!" मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता की गाडीचं दार मी दोनदा आपटलं.

"अपुऱ्या कागदांवर मी कधी काम सुरू केलेलं नाही," काका म्हणाले आणि पट्टा लावला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन इकामा सहा महिने वाढवून देता का म्हणून विचारून आलो. जाणाऱ्या माणसाचा वाढवत नाहीत, असं उत्तर मिळालं. संध्याकाळी ते काकांना सांगितलं. ते बटाटे सोलत होते.

"मग नाशिकहून जा," मी म्हणालो. "चार महिन्यांनी. तिकडून अर्ज करा."

"नाशिकला गेल्यावर मी कसला निघतोय," ते म्हणाले. "एकदा घरात शिरलो की टाकी गळत असते, पुतण्याचं काहीतरी असतं, बहिणीचं काहीतरी असतं." मग सुरी खाली ठेवली. "तुला सांगतो. चोवीस वर्षं मी त्या घरी पाहुणा म्हणून जातो. माझा टॉवेल वेगळा काढून ठेवतात. कपाटात माझा खण उघडला तर त्यात गाद्यांची कव्हरं असतात. ती मला विचारते, तुम्हाला चहात साखर किती हल्ली? बरोबर आहे, तिला कसं माहीत असणार? घर तिचं आहे, तिनं चालवलंय. आता मी कायमचा जाऊन तिथे बसणार. त्याआधी चार दिवस मला ती अशा ठिकाणी हवी होती जिथे दोघंही पाहुणे. तिथे जरा ओळख झाली असती. मग घरी गेलो असतो."

मला फार वाईट वाटलं. मी उरलेले बटाटे सोलून टाकले.

साडेसातला फोन लागला. काकांनी जसं झालं तसं सांगितलं, चूक माझी, टिक खाली उतरवली, बघितली नाही. काकू ऐकत होत्या.

"मग तुझंही रद्द करतो," काका म्हणाले.

"का?"

"का म्हणजे? मी नाही तर..."

"अहो, मला व्हिसा मिळालाय ना? तिकीट आहे ना? पंधरा वर्षं मी फोनवर ऐकतेय, ट्राम दोन, उजवी बाजू, स्लिपर स्वतःची. पाठ झालंय मला. गुडघे अजून चालतायत तोवर जाऊन येते."

"एकटी?"

"चोवीस वर्षं कोणाबरोबर राहतेय मी?"

काकांनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि खोलीत गेले. मी पलीकडे भाजी करपू दिली.

काकू गेल्या. काकांची रजा मंजूरच होती, ती त्यांनी रद्द केली नाही. चार दिवस ते फ्लॅटमध्ये टेबलाशी बसले. समोर रिव्हिजन पंधरा आणि दुसरं घड्याळ, बुडापेस्टच्या वेळेचं, इथल्यापेक्षा एक तास मागं. ठरलं होतं की प्रत्येक टप्प्याला काकूंनी मेसेज टाकायचा. पहिल्या दिवशी टाकले. "पोचले." "ट्राममध्ये बसले. उजवीकडे. नदी दिसली." काका प्रत्येक मेसेज मला वाचून दाखवायचे आणि कागदावर वेळ लिहायचे. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मेसेज बंद. काका येरझारा घालायला लागले. तीन तासांनी फोटो आला. काकू गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसलेल्या, शेजारी दोन जाडजूड बायका, तिघी हसतायत. खाली लिहिलं होतं: "पाण्यात फोन नेत नाहीत, हे तुमच्या कागदात नाही." काकांनी ते कागदात लिहिलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी सांगून टाकलं. "आज रात्री मी फोन करणार नाही, तुम्हीही करू नका. बारमध्ये फोन बंद ठेवायचा असं तुम्हीच लिहिलंय. उद्या सकाळी बोलू."

त्या रात्री आमच्याकडे कोणी झोपलं नाही. मला सकाळी शिफ्ट होती, तरी मी बसलो. काकांना एकटं सोडवेना. दोनदा चहा केला. बुडापेस्टचं घड्याळ अकराला आलं तसे काका उठले, बूट घालून आले, ते नवे, आणि पुन्हा खुर्चीत बसले.

"नाचू दे तिला," ते म्हणाले. "तिला आवडतं. नाचली तर बरंच होईल." बुटांकडे बघून, "पण मग ते पण माझ्याशिवाय झालं. घर झालं, बाबांचं झालं, पोरीचं झालं. ते एकच माझ्यासाठी ठेवलं होतं."

बाहेर प्लांटच्या चिमणीवरची ज्योत दिसत होती. साडेबारा वाजले, एक वाजला. काकांनी बूट काढले आणि खोक्यात ठेवले.

सकाळी आठला मेसेज आला. मी निघायच्या तयारीत होतो, काकांनी हाक मारली. काकूंनी आपल्याजवळच्या रिव्हिजन पंधराच्या प्रतीच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवले होते. गणिताच्या बाईंचं काम, लाल पेन. प्रत्येक ओळीसमोर टिक, पुढे शेरा. ट्राम, झाले. टेकडी, झाले, वारा फार. बार, झाले, लिंबू सोडा बरा होता, दीड तास बसले, समोरची खुर्ची मोकळी ठेवली. आणि शेवटची ओळ. अकरा ते साडेबारा, नाच. तिथे टिक नव्हती.

शेऱ्यात लिहिलं होतं: "हॉलमध्ये गेले. जोडीदार उपलब्ध नाही. एका सहीवर काम बंद होत नाही असं ऐकून आहे. शिल्लक."

पिनची गोष्ट काका काकूंना किती वेळा ऐकवून बसले होते कोण जाणे. त्यांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. चष्मा काढून बनियनला पुसला.

"बरोबर आहे," म्हणाले. "अगदी बरोबर लिहिलंय." आणि ढसाढसा रडले. मला शिफ्टला उशीर झाला, तो मी होऊ दिला.

दोन महिन्यांनी त्यांना दम्माम विमानतळावर सोडलं. सामान थोडंच. निळी फाइल मला देऊन गेले, कोणाला लागली तर दे म्हणाले, पण तिचं शेवटचं पान काढून खिशात घातलं. मिठी वगैरे मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. म्हणाले, "पोहे कांदा सापडल्यावर भिजवत जा." मी मान डोलावली. आत जाताना त्यांचा फेंगडा पाय जरा जास्तच फेंगडा वाटला.

मग दीड महिना काहीच नाही. मी एक-दोनदा फोन केला तर टाकीचं काम चाललंय असं सांगितलं. मला वाटलं, झालं, घरानं धरलं यांना.

आणि परवा एक फोटो आला. तेच शेवटचं पान, घड्या पडलेलं. नाचाच्या ओळीसमोर, ठिकाणाच्या रकान्यात, बुडापेस्ट खोडून काकांच्या अक्षरात लिहिलंय: नाशिक, हॉल, सोफा सरकवून. पुढे दोन सह्या. काम करणारा, काका. तपासणारी, काकू. आणि त्याखाली लाल पेनानं काकूंचा शेरा:

"दुसऱ्या पावलाला अजून थांबतात. काम पुन्हा करावे. रोज, साडेसातला."